छोटी गाडी सगळ्यांनाच 18 टक्के, मग दिव्यांगांच्या सवलतीचं काय?

कुबडीवाला:
22 सप्टेंबर 2025 ला चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. सगळे खूश. आम्हा अस्थिव्यंग (हातपायांचं अपंगत्व असलेल्या) लोकांना मात्र हा 18 चा दर आधीपासूनच होता. त्यासाठी 40 टक्के अपंगत्व, पेट्रोलला 1200 आणि डिझेलला 1500 सीसीची मर्यादा, अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणि पाच वर्षं गाडी न विकण्याची अट होती.

करापूर्वी 6 लाखांची पेट्रोल गाडी इतरांना सेस (जीएसटीवरचा जादा उपकर) धरून 7 लाख 74 हजारांना पडायची, आम्हाला 7 लाख 8 हजारांना. फरक 66 हजारांचा. आता शून्य.

माझे दोन्ही पाय पोलिओने गेलेत. क्लचवाली गाडी चालत नाही, म्हणजे ऑटोमॅटिकच घ्यायची. वर हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय, बसवून घ्यायचा. त्याच मॉडेलला मी तुमच्यापेक्षा जास्त मोजतो, तेव्हा कुठे तुमच्याइतकाच रस्त्यावर येतो. व्हीलचेअरवर 5 टक्के जीएसटी आहे. माझी गाडी ही माझी व्हीलचेअरच आहे, तिलाही 5 लावा.

हिशोबी:
काका, राग मानू नका, पण तुमचं नुकसान काय झालं? काल 7 लाख 8 हजार, आजही तेवढेच. शेजाऱ्याचं बिल कमी झालं म्हणून आपलं वाढत नाही.
आणि दर 5 केला तरी फायदा कुणाला? सात लाखांची गाडी परवडते त्यालाच. तोच पैसा एसटीत घाला. 75 टक्के सवलत आहेच.

कुबडीवाला:
सवलतीचं तिकीट खिशात आहे हो, पण बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. कंडक्टर चांगला असला तर हात देतो, नाहीतर मागचे लोक ढकलत वर चढवतात. बस-इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून सुगम्य भारत अभियान 2015 च्या डिसेंबरात सुरू झालं, आमच्या फाट्यावर अजून उतरायचंय. ते येईपर्यंत मी ऑफिसला कसा जाऊ, तेवढं सांगा.

हिशोबी:
पायरीचा मुद्दा मान्य. पण तो लो-फ्लोअर बस मागण्याचा मुद्दा झाला, कारवरचा कर कमी करण्याचा नाही.

अंजूची_आई:
तुम्ही दोघंही एकाच चौकटीत भांडताय. माझे यजमान पूर्ण अंध. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार, गाडीच्या या सवलतीत फक्त अस्थिव्यंग होते. का, तर म्हणे अंध माणूस गाडी कुठे चालवतो? अहो, ते चालवत नाहीत म्हणूनच तर ड्रायव्हरचा पगार आमच्या माथी येतो! रिक्षावाला जवळच्या भाड्याला नाही म्हणतो, ॲपवरची टॅक्सी रस्त्याच्या पलीकडे थांबते आणि फोनवर सांगते, "सर, समोरच आहे, दिसत नाही का?" तेव्हा कुबडीवाल्यांचं 66 हजारांचं दुःख ऐकताना मला जरा हसूच आलं. आम्हाला तो फरक कधी मिळालाच नव्हता.

पासिंगवाला:
वीस वर्षं आरटीओच्या दारात कागद करतोय, म्हणून लिहितो. आजोबांचं प्रमाणपत्र, आजोबांच्या नावावर गाडी, आजोबा गावी, गाडी हिंजवडीत. नातू चालवतो. असे कागद माझ्या हातून गेलेत, खोटं कशाला बोलू. 2020 च्या ऑक्टोबरपासून नोंदणीच्या फॉर्ममध्ये मालकीचा 'दिव्यांगजन' असा वेगळा प्रकार आहे, पण गाडीत कोण बसतं ते फॉर्म बघत नाही.
माझं मत: पूर्ण गाडीवर सूट नको. हँड कंट्रोल, फिरती सीट, रॅम्प आणि ऑटोमॅटिकचा जादा खर्च, एवढ्यावरच शून्य कर. नातवाला यातलं काहीच नको असतं, आपोआप गळतो.

कुबडीवाला:
हे पटण्यासारखं आहे. 5 टक्के दरापेक्षा यात वाचणारी रक्कम कमी होईल, पण निदान कुणी माझ्याकडे नातू म्हणून बघणार नाही. अंजूची आई, तुमच्या ड्रायव्हरचं यात काहीच बसत नाही, हेही कळतंय.

अंजूची_आई:
बसत नाहीच. म्हणून मी असहमत.

साइडव्हील:
सगळे कारवरच बोलताय. मी तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान चालवते, माझ्याकडे जुनी स्कूटर आहे, मागे दोन जादा चाकं. आमच्याकडचे बहुतेक अपंग याच्यावरच फिरतात. स्कूटरचाही जीएसटी 18 झाला, चांगलं झालं. पण चाकं कंपनी देत नाही, गॅरेजवाला वेल्डिंग करून देतो. मग पासिंगला साहेब म्हणतात, हा बदल मंजूर नाही. कायद्यात पूर्वी आमच्या गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे, 2019 च्या दुरुस्तीत 'ॲडाप्टेड व्हेइकल' (गरजेप्रमाणे बदललेली गाडी) झालं. नाव छान झालं, हेलपाटे तेवढेच. त्यात दुकान बंद ठेवायचं, त्या दिवशीचं नुकसान कुठल्या टक्क्यात धरायचं?

हिशोबी:
याला माझ्याकडे उत्तर नाही. हे हेलपाटे वाचवायची सूट दिली तर मी विरोध करणार नाही.

साइडव्हील:
पासिंगवाले दादा, मंजूर होईल अशी चाकं साताऱ्याकडे कोण बसवतं? माझं डावं चाक पावसाळ्यापासून हलतंय.