मदत हवी आहे: डिफलॉक सुटत नाहीये (तातडीचं)

खारघरकर | शनिवार, रात्री ९.१२
डिफलॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक) सुटत नाहीये. लिव्हर खाली केलाय, तरी वळताना मागून कट्-कट् येतं आणि टायर असे ओरडतात की पहिल्या मजल्यावरच्या दोन बायका बाल्कनीत आल्या. गॅरेजवाला फोन उचलत नाही. उद्या सकाळी ठाण्याला सासऱ्यांना आणायला जायचंय. काय करू? कृपया 'सर्व्हिस सेंटरला न्या' असं सांगू नका, ते मलाही कळतं.

डिझेलभक्त | ९.१९
गाडी कोणती?

खारघरकर | ९.२१
फोर बाय फोर आहे. डिफलॉक सगळीकडे सारखाच ना? सोडवायचा कसा एवढंच हवंय.

डिझेलभक्त | ९.२६
सारखा कसा असेल राव? थारच्या ज्या मॉडेलला मागे मेकॅनिकल लॉक आहे त्यात तो आपोआप लागतो, आपोआप सुटतो, लिव्हरच नाही त्याला. हायलक्सला बटण आहे. जिम्नीला लॉकच नाही, ब्रेकवर भागवतात. तुमच्याकडे लिव्हर आहे म्हणजे गुरखा, नाहीतर कुणीतरी बाहेरून बसवून घेतलेला. साल, टू एच (दोनच चाकांना ताकद) की फोर एच (चारही चाकांना), डांबर की माती, काहीच लिहिलं नाहीत. पत्रिका मांडू का?

जिम्नीवाली | ९.३१
'ब्रेकवर भागवतात' म्हणजे काय हो? घसरणारं चाक ब्रेकने धरलं की ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. लॉक तरी वेगळं काय साधतो? गेल्या पावसाळ्यात धोदाणीच्या रस्त्यावर एका लॉकवाल्याला मीच दोर लावून ओढला होता. दोन्ही लॉक लावून छान जागच्या जागी खड्डा खणत बसला होता.

डिझेलभक्त | ९.३४
ताई, ब्रेकवर पाच मिनिटं चढ काढा आणि मग ड्रमला हात लावून बघा. (लावू नका.) आणि तो खड्ड्यात गेला तो चालवणाऱ्याच्या डोक्यामुळे, लॉकमुळे नाही.

येऊर_नाका | ९.३८
मी कुठेही अडकलो की पहिलं काम, हवा १८ वर आणतो. चाक पसरतं, पकड वाढते, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. हवा उतरवून बघा.

खारघरकर | ९.४१
अहो मी सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर आहे, हवा कशाला उतरवू?
गुरखाच आहे, तीन दारांची, २०२१ ची, सेकंडहँड. महिन्यापूर्वी घेतली. आज नेरेच्या पुढे आमच्या जागेवर गेलो होतो, तिथे चिखलात मागचा लॉक लावला. निघताना लिव्हर खाली केला होता, पण बहुतेक सुटलाच नसावा. येताना पाऊस होता म्हणून फोर एच मध्येच आणली. रस्त्यात काही जाणवलं नाही. रॅम्पच्या वळणावर आल्यावर हे सुरू झालं.

डिझेलभक्त | ९.४३
रॅम्पवर??? अर्ध्या तासाने सांगताय? :(

गिअरबॉक्स | ९.४४
सोप्पं आहे. ताण बसलाय फक्त. ट्रान्सफर केसचा (टू एच-फोर एच बदलायचा) लिव्हर जोर लावून न्यूट्रलला ओढा, ताण निघून जाईल. दोन मिनिटांचं काम. मी चारपाच वेळा केलंय.

जुना_जीपवाला | ९.४९
थांबा!! ओढू नका!
ट्रान्सफर न्यूट्रलला गेला की मुख्य गिअर पहिल्यात असो नाहीतर रिव्हर्समध्ये, इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटतो. गाडी गिअरमध्ये लावली म्हणून उभी राहते ती इंजिनाच्या जिवावर. तोच निघाला तर उतारावर उरला फक्त हँडब्रेक. आणि तुम्ही दिवसभर चिखलात होतात. हँडब्रेक कसा आहे? आधी ते सांगा. मागे कोण उभं आहे?

खारघरकर | १०.०५
काका, उशिरा वाचलं.
लिव्हर ओढला, बसला होता म्हणून दोन्ही हातांनी ओढला, एकदम सुटला आणि गाडी मागे निघाली. इंजिन बंद होतं. ब्रेक आधी दोनतीनदा दाबून बघितला होता, त्यामुळे पेडल दगडासारखं. दोन्ही पाय देऊन उभा राहिलो तेव्हा थांबली. वीतभर सरकली असेल. मागे वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती, तिचा एक पाय वाकला. तो चहा आणायला गेला होता म्हणून बरं.
लिव्हर परत ढकलला, कुठे बसला माहीत नाही. आता दोन्ही मागच्या चाकांमागे पेव्हर ब्लॉक लावलेत. हात थरथरतायत अजून.
हँडब्रेक घेतल्यापासून लागतच नाही. मी गिअरमध्ये लावतो.

गिअरबॉक्स | १०.०८
रॅम्पवर आहात हे मी वाचलंच नाही. माझं ते सपाटीवरचं होतं. सॉरी.

डिझेलभक्त | १०.०९
वाचायचं असतं आधी.

जुना_जीपवाला | १०.२४
जाऊ द्या, भांडू नका. खारघरकर, पाणी प्या आणि शांतपणे वाचा. मी मोखाड्याकडे बावीस वर्षं खात्याची जीप चालवली आहे, ही चूक माझीही झालेली आहे.

तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे ताण बसलेत. एक पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला. या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं, फोर एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात, मागची छोट्या. फरक कुठेतरी निघायला हवा. मातीत किंवा ओल्या डांबरावर चाक थोडं घसरून तो काढून टाकतं, म्हणून तुम्हाला वाटेत काही कळलं नाही. तुमचा रॅम्प छताखाली, कोरडा काँक्रीट. तिथे चाक घसरेना, आणि सगळा पीळ गिअरांत बसला. लिव्हर घट्ट झाला तो त्यामुळे.

दुसरा ताण मागच्या डाव्या-उजव्या चाकातला. हिशोब करून बघा. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २.३५ मीटर जास्त चालतं. लॉक असताना दोघांना बरोबरीने फिरावं लागतं. तो सव्वादोन मीटरहून जास्तीचा फरक रबर घासूनच निघणार. टायर ओरडतात ते हे. कट्-कट् म्हणजे ताण साठतोय आणि सुटतोय. हे चालू ठेवलंत तर अ‍ॅक्सलचा शाफ्ट जाईल.

लॉकचा लिव्हर खाली केल्यावर लॉक लगेच सुटतोच असं नाही. आतल्या दातांवर दाब असला की ते एकमेकांना धरून राहतात. दाब निघाला की आपोआप सुटतात. ओढून, ठोकून काही होत नाही.

ट्रान्सफरचा लिव्हर आता नक्की कुठे आहे?

खारघरकर | १०.२८
दांड्यावर बघितलं. फोर एल, म्हणजे हळू चालवायचा फोर बाय फोर.

जुना_जीपवाला | १०.३७
नशीब. तिथेच राहू द्या. त्याला आता हात लावायचा नाही.
इंजिन सुरू करा, म्हणजे ब्रेकला बूस्टरची ताकद येईल. पाय ब्रेकवर. मुख्य गिअर रिव्हर्स. स्टिअरिंग सरळ. मागे कुणी नको. वॉचमनला बाजूला, तुमच्या आरशात दिसेल असा उभा करा. ब्लॉक काढायला सांगा, काढून तो बाजूला झाला की मग क्लच हळू सोडा. फोर एलमध्ये गाडी मुंगीसारखी उतरेल. एकदा क्लच सुटला की परत दाबायचा नाही, घाबरलात तरी नाही. क्लच दाबला की गाडी मोकळी. ब्रेक फक्त टेकवा.
खाली सपाटीवर आलात की सरळ पाचसहा मीटर मागे, मग तेवढंच पुढे. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग उभं राहून ट्रान्सफर टू एचला.
आणि पुढचा लॉक लावला होता का?

खारघरकर | १०.३९
नाही. पुढच्याला हात नाही लावला. जातो.

कळवा_खाडी | १०.४६
अवांतर: घेतली तेव्हा गुरखा किती किलोमीटर चाललेली होती? मला पावणेतीन मीटर रुंदीच्या गल्लीत लावता येईल का?

जिम्नीवाली | १०.५१
खारघरकर, जुना_जीपवाला सांगतायत तेच करा. गाडी सरळ मागे उतरू दे. मागच्या वर्षी आमच्यातला एक जण असाच चढावर अडकला, मागे येताना स्टिअरिंग फिरवून गाडी आडवी घालायला गेला. आडव्या उतारावर लॉक लागलेला असेल तर दोन्ही चाकं एकदम पकड सोडतात आणि मागची बाजू खाली घसरते. उघड्या (लॉक नसलेल्या) डिफचं निदान एक चाक तरी जमीन धरून असतं. हे मी जिम्नीची जाहिरात म्हणून सांगत नाहीये, हलके घ्या.

डिझेलभक्त | १०.५३
या एका मुद्द्यावर सहमत. तारीख लिहून ठेवतो.

खारघरकर | ११.२०
झालं.
उतरताना मध्येच क्लचकडे पाय गेला होता, तुमचं वाक्य आठवलं म्हणून मागे घेतला. सपाटीवर दुसऱ्यांदा मागे घेताना खालून खण्ण असा आवाज आला, सीटपर्यंत जाणवला. नंतर लिव्हर एका बोटाने टू एचला गेला. पार्किंगमध्ये गोल चक्कर मारली. टायर गप्प.
सेक्रेटरी खाली आलेत, रॅम्पवरच्या काळ्या पट्ट्यांचे फोटो काढतायत. खुर्चीचे पैसे दिले.
काका, दंडवत.

जुना_जीपवाला | ११.२८
दंडवत राहू द्या. उद्या त्या गाडीने ठाण्याला जाऊ नका. मागचे ड्रम उघडा आधी.

खारघरकर | ११.३१
चालत्या गाडीचे ब्रेक चांगले लागतायत की. फक्त हँडब्रेक.

जुना_जीपवाला | ११.४४
हँडब्रेक त्याच मागच्या ड्रमवर चालतो. तो लागत नाही याचा अर्थ केबल सैल, नाहीतर लायनर खलास, नाहीतर ड्रममध्ये नेऱ्याची माती. तिन्ही वाईट. पुढच्या डिस्क दाबून धरतात म्हणून सपाटीवर तुम्हाला कळत नाही. शिळफाट्याला उतारावर पुढे कंटेनर थांबला की कळेल.

कोपरी_पूल | रविवार, सकाळी ८.०५
काका बरोबर. पण खरा उपाय सांगतो, ब्रेक ऑइल डॉट फाईव्ह टाका. उकळतच नाही. माझ्या बुलेटला टाकलंय.

डिझेलभक्त | ८.२२
अरे देवा. नका टाकू! डॉट फाईव्ह सिलिकॉनचं असतं, डॉट थ्री-फोरमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला चालत नाही. तुम्हाला फाईव्ह पॉइंट वन म्हणायचं असेल, ते ग्लायकॉलचंच. नावं सारखी ठेवणाऱ्याला पकडून विचारायला पाहिजे. झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं. डॉट फोर नवं असताना किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की १५५ चा भरवसा. घाटात पेडल खाली जातं ते जुन्या ऑइलमुळे. दर दोन वर्षांनी बदला, विषय संपला.

कोपरी_पूल | ८.३०
माझ्या बुलेटला काही झालं नाही.

येऊर_नाका | ८.३३
अजून.

पाम_बीच | ९.१०
डिफलॉक लावल्यावर एबीएस बंद होतं का? माझ्या भाच्याच्या गाडीत पिवळा दिवा लागतो.

जिम्नीवाली | ९.२५
बऱ्याच गाड्यांत होतं, मुद्दाम करतात. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजतं. लॉकमध्ये दोन चाकं बांधलेली, मग त्याला कळणार काय? म्हणून लॉक लावून वेगाने जायचंच नाही. चिखल संपला की लॉक काढायचा, डांबर दिसेपर्यंत थांबायचं नाही. आणि चाक गरगर फिरत असताना लॉक कधी लावू नका, दात जातात. आधी थांबायचं, मग लावायचा. पाण्यातून बाहेर आलात की थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ड्रम सुकतात.

कळवा_खाडी | १०.०२
माझ्या गल्लीचं कुणी सांगितलं नाही.

खारघरकर | दुपारी १.४०
अपडेट. मिस्त्री घरीच आला. डावा ड्रम निघेना, हातोडीने टिचक्या मारत मारत काढला. आत लाल माती वाळून कडेला विटेसारखी बसली होती, त्याने स्क्रू-ड्रायव्हरने दोन मुठी काढली. उजव्यात मातीबरोबर ऑइलपण. सील गेलंय, लायनर भिजलेत. म्हणजे डाव्या-उजव्याला ब्रेक कमीजास्त लागत होता आणि मी म्हणत होतो गाडी डावीकडे ओढते ती रस्त्याच्या उतारामुळे. विकणाऱ्याने 'ब्रेक नुकतेच केलेत साहेब' सांगितलं होतं. लायनर आणि सील उद्या मिळणार, तोवर गाडी सपाटीवर, ब्लॉक लावून.

सासरे ट्रान्सहार्बरने आले. मेगाब्लॉक, त्यात ठाण्याला दोन गाड्या सोडाव्या लागल्या. ते स्वतः एसटीत चालक होते, हे मी वर लिहायला हवं होतं बहुतेक. आल्या आल्या चपलासुद्धा न काढता पार्किंगमध्ये गेले, उघड्या ड्रममध्ये बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मला म्हणाले, "जावईबापू, हे महिनाभर चालवलंत?"
जेवायला पुरणपोळी आहे, पण माझ्या ताटाकडे बघून अजून कुणी बोललेलं नाही.

जुना_जीपवाला | १.५५
सासऱ्यांना नमस्कार सांगा. कुठला डेपो?

खारघरकर | २.१०
मुरबाड. ते विचारतायत, तुम्ही मोखाड्याला कुठली जीप चालवत होतात, डावीकडून स्टिअरिंग असलेली का?

जुना_जीपवाला | २.२२
तीच. हँडब्रेक मागच्या चाकांना नव्हता तिचा, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर होता. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, संध्याकाळी बोलतो त्यांच्याशी.

ऐरोली_नॉलेज | ४.४८
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून बघितलं का?