'स्टेट ऑडिटर'ला मराठीत काय म्हणायचं?

आम्ही मॅसॅच्युसेट्सला असतो. सासूबाई इथल्या नागरिक झाल्यात, 2026 ला ऑडिटरसाठीपण मत द्यायचंय म्हटल्यावर म्हणाल्या, ऑडिटर काय निवडून देतात होय गं? मी महालेखापाल सांगून वेळ मारून नेली पण पटलं नाही. नीट शब्द सुचवा ना.

— महालेखापाल नकोच. ते मुंबई-नागपूरला बसणारे कॅगचे, म्हणजे देशाच्या मुख्य सरकारी लेखापरीक्षकाचे अधिकारी. कॅगसुद्धा राष्ट्रपती नेमतात, घटनेचं कलम 148, मुदत सहा वर्षं किंवा वय 65, जे आधी होईल ते, आणि काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखंच संसदेतून. म्हणजे तो सहज हलवता येत नाही म्हणून स्वतंत्र, तुमचा मतं मागून आलाय म्हणून. 'राज्य लेखापरीक्षक' लिहा.

— हिशेबतपासनीस का नको? छान मराठी आहे.

— छान आहे पण त्यात आकडे जुळवणारा माणूस दिसतो. हल्ली खर्च झाला तर काम झालं का, योजना चालली का हेपण बघतात. बाकी आमच्या झेडपीत लेखापरीक्षण कुणी म्हणत नव्हतं, 'ऑडिट लागलंय' एवढंच, मग व्हाउचरं शोधायची धावपळ, आणि जुने पॅरे, म्हणजे ऑडिटचे आक्षेप, निकाली निघालेले नसतातच.

— राज्य लेखापरीक्षक चालेल. इथला किस्सा सांगते, ऑडिटर डायना डिझोग्लिओ यांना विधिमंडळाचंच ऑडिट करायचं होतं, सभागृहांनी अधिकारच नाही म्हणून नकार दिला, मग 2024 ला प्रश्न थेट मतपत्रिकेवर गेला आणि जवळजवळ 72 टक्के लोकांनी हो म्हटलं, तरी सभागृहांनी अडवून धरलंच. बाई डेमोक्रॅट, विधिमंडळात बहुमतही डेमोक्रॅट्सचंच, आणि आधी दोन्ही सभागृहांत त्या स्वतः बसलेल्या!

— म्हणजे पक्षाच्या तिकिटावरचा ऑडिटर. मला हे खटकतं. मिनेसोटाचे मार्क डेटन 1991 ते 95 ऑडिटर होते, पुढे सिनेटर, मग गव्हर्नर. पुढची खुर्ची डोळ्यासमोर असली की कुणाचे पॅरे काढायचे नि कुणाचे दाबायचे हे माणूस बघणारच ना.

— नेमलेला तरी नेमणाऱ्याकडे बघत नाही कशावरून? मतदारांकडे बघितलेलं मला चालेल. आणि सासूबाईंना सोसायटीचं सांगा, सर्वसाधारण सभेत सरकारी पॅनलवरचा ऑडिटर आपण सभासदच ठरवतो, त्यांना लगेच कळेल.

— अहो सांगितलं! म्हणाल्या, आमच्या सभेत तो विषय यायचा तोवर निम्मे लोक चहाला गेलेले असायचे.