ऑटोमेशन करताना अडलेल्या कामाचा रस्ता आधी ठरवावा का?

धागाकर्ता:
मी गोव्यातल्या हॉटेलांना आणि छोट्या धंद्यांना खरेदी, बिलं, मंजुरी यांचं ऑटोमेशन करून देतो. माझं मत असं की सुरळीत चालणारं काम सिस्टीमवर टाकायला फारशी अक्कल लागत नाही. जे अडतं, ते कुणाकडे जाणार हे ठरल्याशिवाय एकही काम ऑटोमेट करू नये.

हे शहाणपण मला उशिरा आलं. उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलात मी खरेदीची सिस्टीम बसवली. ऑर्डर, माल उतरल्याची नोंद आणि बिल, तिन्ही जुळली की पैसे आपोआप सुटणार. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला की बिल थांबणार. तांदूळ, तेल, साबण, चादरींची धुलाई, सगळं छान चाललं. मासळी मात्र पहिल्याच आठवड्यात अडली. विसवण, म्हणजे सुरमई, 12 किलो सांगितली तर 11 किलो 200 ग्रॅम येते. भाव पहाटे बाजारात ठरतो. बिल म्हणजे ओली झालेली चिठ्ठी. त्यात 1 जून उजाडला. 31 जुलैपर्यंत 61 दिवस ट्रॉलर बंद, भाव कडाडले, आणि एकूण एक चिठ्ठी थांबली. मासळी आणणाऱ्या बाईला तीन आठवडे एक रुपया मिळाला नाही. तिचे पैसे मुद्दाम कुणी अडवले नव्हते. थांबलेली बिलं कुणी बघायची हेच मी ठरवलं नव्हतं. शेवटी ती यायची बंद झाली.

पूर्वी हे काम हिशेबातल्या ताई करायच्या. किचनला फोन लावायच्या, "आज भाव चढलाय, घेऊ ना?" शेफ हो म्हणाला की चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने वेळ आणि सही. तो फोन माझ्या आराखड्यात नव्हता, कारण आराखडा मी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून काढला. ताईंच्या टेबलाशी एक सकाळ बसलो असतो तर दिसला असता.

वेर्ण्याचा क्यूए:
मासळीवालीचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. मी औषध कारखान्यात क्यूएत, म्हणजे दर्जाची खात्री करणाऱ्या विभागात आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचा, 1997 चा नियम आहे, पार्ट 11. कुणी, केव्हा, काय बदललं हे वेळेसकट आपोआप नोंदलं गेलं पाहिजे आणि जुनी नोंद झाकली जाता कामा नये. आमच्याकडे जुळलं नाही की थांबतं. डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद, उघडतो, कारण शोधतो, क्यूएची सही होईपर्यंत बॅच हलत नाही. फोनवरच्या 'हो'ला नोंद म्हणत नाहीत.

जपानी संशोधक साकिची टोयोडांच्या 1924 च्या कापड विणायच्या मागाची खुबी हीच होती की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. थांबणं हा त्याचा गुण होता. तुम्ही अडलेल्या बिलासाठी वळणरस्ता आधीच बांधून ठेवलात तर उद्या सगळी वाहतूक त्याच रस्त्याने जाईल. मासळी आज, मग दारू, मग फर्निचर.

फ्रंट डेस्क, कोलवा:
तुम्हा दोघांचंही ऐकत बसले तर माझं टायपिंग कधी थांबणार?

परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारी पोर्टलवर जावी लागते. आम्ही त्याला अजून सी फॉर्मच म्हणतो. तोच पासपोर्ट मी रजिस्टरमध्ये लिहिते, हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये भरते, पुन्हा पोर्टलवर भरते. रात्री दोनला ग्रुप येतो, समोर 40 पासपोर्ट. पहाटे चारला इंग्रजी बी आणि आठचा आकडा डोळ्यांना सारखेच दिसतात. पासपोर्टच्या तळाशी 44-44 अक्षरांच्या दोन ओळी यंत्राने वाचण्यासाठीच छापलेल्या असतात, चूक पकडणारे आकडेही त्यातच असतात. तरी पासपोर्ट यंत्राने वाचायचं आमचं काम पाच महिने लटकलं. का, तर अपवाद ठरवणं चालू होतं! जन्मतारखेत नुसतं वर्ष असलेला पासपोर्ट आला तर काय, यावर तीन मीटिंगा झाल्या. 14 वर्षांत असा पासपोर्ट मी दोनदा पाहिलाय. तो मी हाताने भरीन हो, बाकीचे तरी यंत्राला वाचू द्या.

फोंड्याचा हिशेबनीस:
अडलेल्या कामाबद्दल चाललंय, पण चुकीचं काम न अडता पुढे गेलं तर? 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, गेलं. माझ्या एका अशिलाकडे दर तारखेप्रमाणे एका तक्त्यात होता, दहा मिनिटांत बदलला. दुसऱ्याकडे 12 हा आकडा सहा ठिकाणी कोरलेला. तो शोधून शोधून बदलला, आणि खरेदीकडचं क्रेडिट सिस्टीम घेतच राहिली. एकही बिल थांबलं नाही. नियम बदलला की सिस्टीममध्ये तो कोण बदलणार, हे त्या माणसाचं नाव घेऊन आधी ठरवा, अडलेल्या कामाचे रस्ते मागाहून.

धागाकर्ता:
कोलव्याच्या ताई, 'एकही काम' हे शब्द मी मागे घेतो. तुमच्या उदाहरणात रस्ता ठरलेलाच आहे: यंत्राने वाचला नाही तर ताई हाताने भरतील. एवढं वाक्य पुरे होतं, त्यासाठी पाच महिने घालवणं हा अन्यायच.

वेर्णेकर, तुमचं मात्र अजून पटत नाही. माग थांबायचा तेव्हा धागा जोडायला कामगार तिथेच असायचा. तुमच्याकडे तो क्यूए आहे. हॉटेलात कुणीच नव्हतं. आता थांबलेलं बिल सकाळी अकराला ताईंच्या फोनवर येतं, चारपर्यंत उघडलं नाही तर शेफकडे जातं. चवथीला शेफ घरी असतो, म्हणून बदलीचं नावही आत घातलंय. मंजूर करताना पाचांपैकी एक कारण निवडावंच लागतं आणि सगळं वेळेसकट नोंदलं जातं.

वेर्ण्याचा क्यूए:
नोंद होत असेल तर अर्धं भांडण मिटलं. उरलेलं अर्धं असं: सीझन संपला की 'भाव चढला' हे कारण किती वेळा दाबलं गेलं ते मोजा आणि इथे लिहा. निम्म्याहून जास्त निघालं तर तुमची पाच टक्क्यांची मर्यादाच मासळीला चुकीची आहे, आणि ताई रोज अकराला ती चूक निस्तरतायत.