व्हेप कंपन्या मुद्दाम मुलांना टार्गेट करतात का?

निळी_शाई:
मी शाळेत शिकवते, आठवी ते दहावी. हल्ली मुलांकडे व्हेप (ई-सिगरेट) सापडतात आणि बघून आधी कळतही नाही की हे व्हेप आहे, कुठलं पेन ड्राइव्हसारखं, कुठलं हायलायटरसारखं, आणि वास बबलगमचा. यावरून स्टाफरूममध्ये जोरात वाद झाला. एक सर म्हणतात हे मोठ्यांना सिगरेट सोडायला काढलंय, पोरं चोरून ओढतात त्यात कंपनीचा काय दोष. मला हे अजिबात पटत नाहीये, पण नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही ना. याला ठोस पुरावा काही आहे का? माहिती असेल त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पाऊसवेडा:
आहे की. अमेरिकेतल्या जूल या व्हेप कंपनीचं प्रकरण बघा. २०१५ ला लाँच झालं तेव्हाच्या जाहिराती म्हणजे भडक रंगांवर पोझ देणारी एकदम तरुण पोरं-पोरी, पार्ट्या, सोशल मीडिया, सिगरेट सोडण्याचं नावही नाही. मग २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) केस टाकली, त्यात आरोप होता की कंपनीने निकलोडियन आणि कार्टून नेटवर्क या मुलांच्या चॅनलच्या वेबसाइटवर जाहिरातींची जागा विकत घेतली. आता सांगा, तिथे सिगरेट सोडायला कोण येतं? २०२२ मध्ये तीसपेक्षा जास्त राज्यांबरोबर जवळपास ४४ कोटी डॉलरची तडजोड झाली, २०२३ मध्ये आणखी काही राज्यांबरोबर ४६ कोटींची. कंपनीने चूक कबूल केली नाही हेही खरं, ते लपवून वाद घालू नका, सर तेच पकडतील.

धूर_सोडला:
जरा दुसरी बाजू. माझी सिगरेट व्हेपमुळेच सुटली, तीही फळांच्या फ्लेवरवर, कारण तंबाखूची चव तोंडात आली की परत सिगरेटच आठवायची. कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिचा रिव्ह्यू पण सांगतो की निकोटिनच्या पॅच-गमपेक्षा निकोटिनवाल्या व्हेपने जास्त लोकांची सिगरेट सुटते. त्यामुळे फ्लेवर आहे म्हणजे मुलांसाठीच आहे हे मला मान्य नाही. मात्र कार्टूनच्या साइटवर जाहिरात द्यायला काहीच कारण असू शकत नाही, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.

माईची_लेक:
फ्लेवरचं पूर्ण सोडूनही देता येत नाही हो. अमेरिकेच्या २०२४ च्या शाळकरी मुलांच्या सर्व्हेत व्हेप ओढणाऱ्यांपैकी जवळपास ८८ टक्के मुलं फ्लेवरवालंच ओढत होती. आणि जाहिरात म्हणजे फक्त पोस्टर नाही, वस्तूच जाहिरात असते. २०१८ मध्ये एफडीएने (अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था) ज्या कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवली त्यांच्या ई-लिक्विडचं (व्हेपमध्ये भरायच्या द्रवाचं) पॅकिंग मुलांच्या ज्यूसच्या डब्यासारखं, गोळ्या-बिस्किटांसारखं होतं, यात मोठ्या माणसाची काय सोय झाली मला कुणीतरी सांगा. त्यात निकोटिन सॉल्ट. निकोटिनमध्ये ॲसिड मिसळलं की घशाला ठसका कमी लागतो, म्हणजे पहिल्यांदा ओढणाऱ्या पोराला शरीर जे खोकून सांगतं तेच बंद. जूल तिकडे ५ टक्के निकोटिनवर विकलं जायचं, युरोपियन युनियनमध्ये मर्यादा साधारण २ टक्के आहे. इतकं स्ट्राँग आणि इतकं गुळगुळीत, मग सवय लागायला किती वेळ लागणार.

निळी_शाई:
सगळ्यांना थँक्स, धूर_सोडला तुम्हालाही, तुमचा मुद्दा मी तसाच मांडेन. फक्त एक, सर म्हणणार की हे सगळं एका कंपनीचं झालं, त्यावर काय बोलू?

पाऊसवेडा:
मग त्यांना पुढचं सांगा. २०२० मध्ये एफडीएने कार्ट्रिजवाल्या (द्रवाची तयार कुपी बदलून वापरायच्या) व्हेपचे तंबाखू आणि मेंथॉल सोडून बाकी फ्लेवर बंद करायला लावले, पण वापरून फेकायचे डिस्पोजेबल त्यातून सुटले, आणि दुसऱ्याच कंपन्यांनी तेच गोड फ्लेवर त्यात भरून विकले, मुलंही तिकडेच गेली. ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल विकायलाच बंदी घातली, त्यात कचऱ्याच्या बरोबरीने मुलांचं कारण दिलंय. आणि सिगरेटच्या वेळीही हेच झालं होतं, कॅमल सिगरेटच्या जाहिरातीतला तो कार्टून उंट, १९९१ च्या एका अभ्यासात सहा वर्षांची मुलं त्याला जवळपास मिकी माउसइतकंच ओळखत होती. कंपनी तेव्हाही म्हणायची की आमचं गिऱ्हाईक मोठी माणसं. १९९७ मध्ये उंट काढावा लागला.

माईची_लेक:
आणि जूलच्या २०२२ च्या तडजोडीत अटी काय होत्या तेही सांगा. जाहिरातीत ३५ वर्षांखालचं कुणी दाखवायचं नाही, कार्टून वापरायचं नाही, इन्फ्लुएन्सरला पैसे द्यायचे नाहीत. सरांना विचारा, हे असलं काही होतच नव्हतं तर या अटी लिहून घ्यायची वेळ का आली?