लढाऊ विमानांच्या गन्स: कागदावरचे किलो आणि तुमचे अनुभव

मंडळी, म्युझियममध्ये पाहिलेलं, गेममध्ये उडवलेलं, घरच्या कुणी एअरफोर्सात हाताळलेलं, काहीही चालेल, लिहा. माझ्यापासून सुरुवात. परवा झोप येईना म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, तर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर मार्क १ विमानाच्या आठ .३०३ इंची ब्राउनिंग मशीनगन मिळून सेकंदाला साधारण १.७ किलो गोळ्या फेकतात अन् त्याच काळातल्या हरिकेन टू-सी विमानाच्या चार २० मिमी हिस्पानो तोफा ५ किलोच्या वर, शिवाय हिस्पानोचा गोळा आत जाऊन फुटतो ते वेगळंच. बायको म्हणे, किलोत काय मोजताय, वाणसामान आणायचंय का?

लंडनकर: हेंडनच्या एअरफोर्स म्युझियममध्ये स्पिटफायर अगदी जवळून पाहिलं. गनच्या भोकांवर कापडी ठिगळं लावायचे, उंचावरच्या थंडीत गन गोठू नये म्हणून. विमान उतरलं की ठिगळं फाटलीयत का एवढं बघून खालच्या पोरांना कळायचं, पठ्ठ्या गोळीबार करून आलाय. मी त्या पंखापाशीच अर्धा तास, बायकोमुलं केव्हाच कॅन्टीनमध्ये.

गेमवेडा: किलो जाऊ द्या हो, नेम महत्त्वाचा. पंखातल्या गन्सच्या गोळ्यांची धार समोर किती अंतरावर एकत्र आणायची यावरच सगळं. सुरुवातीला ४०० यार्ड ठेवायचे, मलानसारख्या ब्रिटिश एअरफोर्सच्या वैमानिकांनी ती २५० वर आणली. मीही सिम्युलेटरमध्ये तेच केलं आणि पहिल्यांदा काहीतरी पडलं! मग हावरटासारखा मेसरश्मिट ‘मी-२६२’ हे जर्मन जेट घेतलं, चार ३० मिमी तोफा, सेकंदाला १४ किलो. पण गोळ्याचा वेग जेमतेम ५४० मीटर, लांबून मारला की खाली झुकतो, आणि दहा सेकंदात पेट्या रिकाम्या. सगळं ढगात घालवलं राव.

ओझरकर: जरा नंतरचं सांगतो, चालवून घ्या. बाबा हंटर या लढाऊ जेटवर आर्मामेंट फिटर होते, म्हणजे गन्सची देखभाल करायचे. चार ३० मिमी एडन तोफांचा अख्खा पॅक दारूगोळ्यासकट खाली उतरायचा, नळ्या मात्र विमानातच, आणि भरलेला दुसरा पॅक वर चढवायचा. बाबांचे कान तेव्हापासून अधू, टीव्ही फुल्ल आवाजात. त्यांना तुमचा हिशेब ओरडून वाचून दाखवला तर म्हणाले, गोळ्यांचा पट्टा अडकला की झाले शून्य किलो.

धागाकर्ता: हा हा! काकांना ६५ सालच्या युद्धातल्या नॅट विमानाबद्दल विचारा ना, त्याच्याही एडन ऐन लढाईत जाम व्हायच्या.

ओझरकर: विचारलं. "बस, चहा टाक आधी" म्हणाले. रात्री लिहितो.