कोठीत सोंडे, शेजारच्या खोलीत बिबड्यांचा माल, गोळ्या टाकू की पेस्ट कंट्रोल करू?

चोपडेकर_भाऊ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वाचून घ्या. आमचं घर चोपडा तालुक्यात, पुढे स्लॅब आणि मागच्या दोन खोल्या अजून जुन्या धाब्याच्याच. त्यातल्या एकीत आई वर्षाचं धान्य भरते, गहू, दादर (आमच्याकडची ज्वारी), अख्खी तूर, हरभरा, थोडं पत्र्याच्या कोठ्यांत थोडं पोत्यांत. कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी गहू काढला तर त्यात सोंडेच सोंडे (धान्यातले सोंडवाले किडे), आणि हरभऱ्याला भुंगा असा लागेल आहे की मूठभर हातात घेतला तर निम्म्या दाण्यांना भोक. बाजूच्या खोलीत बायकोच्या बचत गटाचा माल असतो, बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, दिवाळीच्या आधी ऑर्डर जाते त्यामुळे खरी धास्ती तिकडची आहे. वरून एक घूस, रोज कोपऱ्यात माती उकरून ठेवते.

काका म्हणतात सेल्फॉसच्या गोळ्या आण, फडक्यात बांधून कोठीत टाक, झाकण लाव, विषय संपला. दुसरीकडे जळगावहून एक पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला, त्याने दारातूनच नजर टाकली आणि वर्षाचे साडेचार हजार सांगितले, चार वेळा येऊन फवारा मारणार म्हणे. औषध कोणतं विचारलं तर "हर्बल आहे, काळजी करू नका". घरात लहान मुलगी आहे आणि आईला दमा. काय करावं? गहू फेकावा लागेल का?

धुळ्याचा_भो

भो, त्या गोया घरमा आणू नको. बाकी मंग काय करशी ते कर.

गोडाऊन_फवारणी

मी याच धंद्यात आहे, जळगावच्या डाळ मिल आणि गोडाऊनची कामं करतो, म्हणून आधी गोळ्यांचंच बोलतो कारण दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं.

सेल्फॉस म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो, आणि तो सुटायला फक्त ओल लागते, धान्यातली किंवा हवेतली, पावसाळ्यात तर काय विचारता. कोठीचं झाकण त्याला अडवत नाही. धाब्याच्या घरात भिंतींना भेगा, वर लाकूड आणि माती, म्हणजे वायूला रस्तेच रस्ते, शेजारच्या खोलीत झोपलेल्या लेकराच्या नाकापर्यंत जातो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणून वायू नाही असं कधीच धरू नका. आणि त्यावर उतारा नाही भाऊ. डॉक्टर सलाईन, ऑक्सिजन, बीपी सांभाळणं एवढंच करू शकतात. काकांना इतकी वर्षं काही झालं नाही हे त्यांचं नशीब. कायद्यानेही हे औषध निर्बंधाखाली आहे, सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले यांच्याशिवाय कुणाला विकताच येत नाही. एखादा दुकानदार काउंटरखालून देत असेल तर तो तुमचं भलं करत नाहीये.

गोडाऊनमध्ये आम्ही हेच वापरतो, पण थप्पीवर गॅस न सुटणारं जाड कव्हर टाकून, कडेने वाळूच्या लांब पिशव्या दाबून, बाहेर बोर्ड लावून, कित्येक दिवस कुणाला आत न सोडता, आणि उघडताना मीटरने गॅस मोजून. माणसं राहत असलेल्या घरात मी हे काम घेतच नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी.

आता त्या फवाऱ्याबद्दल. सोंड्याची मादी गव्हाच्या दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. अळी आतच दाणा खाते, आतच मोठी होते आणि साधारण महिनाभराने भोक पाडून बाहेर येते. म्हणजे तुम्हाला दिसतात ते फक्त बाहेर निघेल किडे, पुढची पिढी दाण्यात बसेल आहे. मग भिंतीवर फवारा मारून तुमच्या गव्हाचं काय होणार? काहीच नाही. फवारा खोली रिकामी झाल्यावर भिंतीला, फटींना, पोती ठेवायच्या जागेला मारतात. धान्यावर नाही, आणि पापडाच्या खोलीत माल असताना तर अजिबात नाही.

ज्याने दारातून बघून रेट सांगितला त्याला काम देऊ नका, माझं सरळ मत. चांगला माणूस आधी बॅटरी घेऊन कोपरे बघतो, पोती हलवायला लावतो, ओल कुठून येते विचारतो, घुशीचं बीळ कुठे निघतं ते बाहेरून फिरून बघतो. त्याच्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा कृषी विभागाचा परवाना असतो, तो मागा. डबा बघायला मागा, लेबलवर औषधाचं नाव, टक्केवारी आणि रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. "हर्बल" या नावाचं औषध नसतं, त्यात काय आहे ते लिहेल पाहिजे.

अमळनेरची_मावशी

अरे बाबा गहू फेकू नकोस, आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून हे चालत आलंय. आधी चाळणीने सगळा गहू चाळ, किडे आणि पीठ खाली पडतं, ते अंगणात सांडू नको, परत चढतात, रॉकेल टाकून नाहीतर उकळत्या पाण्यात संपव. मग गच्चीवर काळं प्लास्टिक अंथरून दोन बोटं जाडीचा थर कर आणि वरून पांढरं पारदर्शक प्लास्टिक घाल, कडा विटांनी दाब, आत असं तापतं की हात लावता येत नाही, किडा आणि दाण्यातली अळी दोन्ही जातात. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसला पारा जातो तेव्हा हे एका दिवसात होतं, आता पोळ्यानंतर उघडीप बघून कर, ऑक्टोबरची उन्हं पण चांगली कडक असतात. फक्त पेरायचं बियाणं असेल तर असं तापवू नको, उगवण कमी होऊ शकते.

तुरीचं म्हणशील तर अख्खी ठेवूच नको, डाळ करून आण. भुंग्याला अंडी घालायला अख्खा दाणा लागतो, डाळीला तो सहसा लागत नाही. आणि अख्खंच ठेवायचं असेल तर किलोला चमचाभर शेंगदाण्याचं नाहीतर एरंडेल तेल चोळून ठेव, अंडं टिकत नाही. तुमचा हरभरा निम्मा भोकाचा आहे तो मात्र माणसांना खायला घालू नकोस, चव पण कडवट होते, बुरशीचा वास नसेल तर गुरांना दे. निंबाचा पाला सावलीत वाळवून टाक. काही बाया बोरिक पावडर लावतात, पारदाच्या गोळ्या टाकतात, आम्ही पण गव्हाला बोरिक लावायचो.

गोडाऊन_फवारणी

मावशी, उन्हाचं आणि डाळीचं शंभर टक्के पटलं, मी पण गिऱ्हाईकांना हेच सांगतो. पण बोरिक नको, ते खाण्यात घालायला परवानगी नाही, आणि धुतल्यावर सगळं निघेलच असं नाही. पारद म्हणजे पारा, तो अन्नात कशाला. निंबाच्या पाल्याने स्वच्छ धान्याला किडा जरा उशिरा लागतो एवढंच, लागलेला किडा त्याने मरत नाही. इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे.

शहादेकर

आमच्याकडे दादरला निंबाचा पालाच टाकतो आणि वर्षभर काही होत नाही, उगाच घाबरवू नका लोकांना.

गोडाऊन_फवारणी

दादर तुमची खळ्यावरून कडकडीत वाळून येत असणार, म्हणून टिकते. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे. धान्यात ओल दहा-बारा टक्क्यांच्या आत असेल तर किडा फार वाढत नाही, चौदाच्या वर गेली की किडा पण आणि बुरशी पण. श्रेय पाल्याला जातं, काम उन्हाने केलेलं असतं.

चोपडेकर_भाऊ

काकांना तुमचा मेसेज वाचून दाखवला, ते गप्प बसले म्हणजे पटलं असं धरतो. आता त्या पापडाच्या खोलीचं आणि घुशीचं पण कुणीतरी सांगा. बायको म्हणते विषाचा केक आणून ठेवू, मला भीती वाटते.

नमकीन_लाइन

मी खाण्याच्या वस्तूंच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे. तुमच्या वहिनींच्या गटाने एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं) रजिस्ट्रेशन केलं असेल तर त्यांच्या नियमांतलं शेड्यूल ४ त्यांनाही लागू आहे, त्यात स्वच्छता आणि कीड-उंदरांचा बंदोबस्त हे दोन्ही येतं. त्यामुळे एका वहीत तारीख, काय केलं, कोणी केलं एवढं लिहून ठेवा, कधी कुणी तपासायला आलं तर तेच विचारतात.

माल असलेल्या खोलीत विष ठेवायचं नाही, हा आमच्याकडे पहिला नियम. आत फक्त पिंजरा नाहीतर ग्लू पॅड. विषाचा केक बाहेरच्या भिंतीला, तोही बंद डब्यात, म्हणजे मुलीचा आणि मांजरीचा हात पोचणार नाही. केक घेताना ब्रोमाडिओलोनचा बघा, त्याने रक्त पातळ होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो म्हणून बाकीच्यांना संशय येत नाही, आणि माणसाच्या पोटात चुकून गेलाच तर डॉक्टरांकडे त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. काळी झिंक फॉस्फाइडची पावडर मिळते ती घरात नकोच, तिच्यातूनही पोटात तोच फॉस्फिन निघतो, शिवाय एकदा अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर परत तिच्याकडे बघत पण नाही.

घुशीला मात्र केकपेक्षा बीळ बुजवणं जास्त कामाचं. आधी बिळाच्या तोंडावर कागदाचा बोळा घालून बघा, दुसऱ्या दिवशी उकरलेला असेल तर बीळ चालू आहे. घूस पकडली किंवा गेली याची खात्री झाल्यावरच फुटक्या काचा आणि सिमेंट ठासून भरा, नाहीतर ती दुसरीकडून फरशी फोडते. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा, करंगळीएवढ्या फटीतून लहान उंदीर आरामात आत येतो.

बिबडे-कुरडयांची पोती जमिनीवर टेकवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून इतकी लांब की मागून झाडू फिरेल. पापडाच्या खोलीत धान्याचं एकही पोतं नको, सोंडे चालत जातात हो. आणि पापड जाड पिशवीत सील करून पत्र्याच्या डब्यात, नुसत्या पातळ प्लास्टिकला किडे कुरतडून भोक पाडतात.

धुळ्याचा_भो

झुरळं नाहीत का तुमच्याकडे? आमच्याकडे तीच सगळ्यात जास्त, दर महिन्याला फवारा मारतो तरी येतात.

गोडाऊन_फवारणी

नुसत्या फवाऱ्याने ती जात नाहीत. झुरळं मारायचं जेल वापरा, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका बिजागऱ्यांना, गॅसच्या शेगडीखाली, फ्रीजच्या मागे, आणि त्याच्या जवळपास फवारा मारू नका, वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही. त्या छोट्या तपकिरी झुरळाच्या एका अंड्याच्या पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात, म्हणून काही आठवड्यांनी परत एकदा ठिपके द्यायचे. रात्री खरकटी भांडी ठेवू नका, जेल सोडून दुसरं खायला मिळालं की ते तिकडे कशाला येईल.

चोपडेकर_भाऊ

झुरळं पण आहेत पण ते नंतर. बायकोने पापडाचे डबे कालच पुढच्या खोलीत हलवले. कोठी रिकामी केली तर तळाला आणि शिवणीत जुने दाणे, पीठ चिकटेल आहे. पाण्याने धुवू का? आणि तापवलेला गहू त्याच दिवशी भरला तर चालेल?

गोडाऊन_फवारणी

धुवा, पण आधी शिवणीतलं सगळं कडक ब्रशने कोरडंच काढा, किड्यांची अर्धी वस्ती तिथेच असते. मग कोठी उन्हात उलटी ठेवून पूर्ण कोरडी करा. जुनी पोती वापरायची असतील तर उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर नवीन घ्या. गहू ऊन उतरल्यावर पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर भरा, गरम भरला तर आत घाम सुटतो आणि परत ओल. जुना उरलेला गहू नव्यात मिसळू नका, तो आधी दळून संपवा. आणि महिनाभराने कोठीत कोपरापर्यंत हात घालून बघा, धान्य आतून गरम लागलं तर किडा परत सुरू झालाय, लगेच चाळायला काढा.