रोबोकॉपी पीएसटी फाईलवर अडकून बसते, डेस्कटॉप रिकामा येतो

कोरी_पाटी:
विंडोज ११ चा लॅपटॉप. एकूण डेटा २८० जीबी: २१० जीबी फोटो, आउटलुकची मेल साठवणारी १२ जीबीची पीएसटी फाईल, बाकी कागदपत्रं. १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. रोबोकॉपी (विंडोजची फाईली कॉपी करायची आज्ञा) /एमआयआर म्हणजे मिररचा स्विच लावून चालवली की पीएसटीपाशी येऊन रात्रभर तिथंच. शिवाय बॅकअपमध्ये डेस्कटॉपचं फोल्डर जवळजवळ रिकामं. वनड्राइव्ह चालू आहे, मग या सगळ्याची गरज आहे का?

खटपट्या:
अडकलेली नाही, वाट बघतेय. आउटलुक उघडं असताना पीएसटी कुलूपबंद असते. रोबोकॉपी अशा फाईलवर १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नानंतर ३० सेकंद थांबते, म्हणजे एका फाईलपायी ३४७ दिवस! आउटलुक बंद करा, घड्याळाजवळच्या ट्रेमधूनही. आणि /आर:२ /डब्ल्यू:५ जोडा, म्हणजे दोनदाच पुन्हा प्रयत्न, मध्ये ५ सेकंद.

/एमआयआर सध्या काढाच. मूळ जागी जे नाही ते हा स्विच बॅकअपमधूनही पुसतो. चुकून उडवलेला फोटो पुढच्याच फेरीत दोन्हीकडून गेला. डिस्कच्या थेट मुळाशी मिरर केलं तर तिथली इतर फोल्डरंही साफ. /ई पुरेसं आहे, ते आतल्या फोल्डरांसकट कॉपी करतं, पुसत काही नाही. मिरर हवंच असेल तर आधी /एल लावून नुसती यादी बघा, त्यात काही पुसलं जात नाही.

अवतरणचिन्हांतला मार्ग उलट्या तिरप्या रेघेवर संपवू नका. ती रेघ शेवटचं अवतरणचिन्ह गिळते आणि पुढची सगळी आज्ञा बिघडते.

धीराने_घ्या:
डेस्कटॉपचं कोडं वनड्राइव्हमध्येच आहे. त्यात फोल्डर बॅकअप चालू केला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकतात. तुम्ही जुन्या जागेवरून कॉपी करताय. नवीन जागा द्या. तिथं निळा ढग दिसणाऱ्या फाईली डिस्कवर नसतातच, नुसती नावं असतात, नेट नसेल तर त्या कॉपी होणार नाहीत. फोल्डरवर राइट क्लिक करून 'या डिव्हाइसवर नेहमी ठेवा' निवडा, सगळं उतरू द्या, मग रोबोकॉपी.

आणि हो, गरज आहे. वनड्राइव्ह सिंक करतं. इथं पुसलं की तिथंही पुसलं. वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतात, पुढे राम राम.

कोरी_पाटी:
पीएसटी गेली, धन्यवाद! पण लॉगमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत. फाईली खराब झाल्या का? सोसायटीची जुनी पत्रंही त्यात आहेत, शिवाजी फॉन्टातली.

खटपट्या:
फाईली ठीक आहेत, फक्त लॉग युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) नाही. /लॉगऐवजी /युनिलॉग वापरा. टास्क शेड्यूलरला (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं विंडोजचं साधन) लावलंत तर निकाल १ दिसेल. ती चूक नव्हे, 'फाईली कॉपी झाल्या' असा अर्थ. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच लॉग उघडायचा.

जुना_टंक:
पत्रांचं दुखणं वेगळं. शिवाजी युनिकोड फॉन्ट नाही: फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या मशीनवर फॉन्ट नसेल तर नुसता गिचमीड मजकूर. म्हणून फॉन्टची टीटीएफ फाईल बॅकअपमध्ये ठेवाच. ती विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात सापडेल. फक्त स्वतःच्या खात्यापुरता फॉन्ट बसवला असेल तर ॲपडेटाच्या आत शोधा. महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफही करून ठेवा, तिच्यात फॉन्ट सोबत जातो. मात्र त्यातला मजकूर शोधता येईलच असं नाही.

धीराने_घ्या:
डिस्क एकच आहे हे मला खटकतंय. १ टीबीच्या दोन घ्या, आलटून पालटून वापरा, एक दुसऱ्या घरी. काम झालं की 'सुरक्षितपणे काढा' करून सोडवून ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला लॅपटॉपइतकीच उघडी. डिस्कचा फॉरमॅट (फाईली मांडायची पद्धत) एक्सफॅट असेल तर रिकामी असतानाच एनटीएफएस फॉरमॅट करा. एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही, मध्येच केबल निघाली तर नुकसान जास्त.

पोर्ट यूएसबी ३ चा वापरा. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे २८० जीबीला अडीच तासांहून जास्त. बारीकसारीक फाईली असल्या तर त्याहूनही.

कोरी_पाटी:
डिस्क एक्सफॅटच निघाली. आज फॉरमॅट करून /ई ने पहिली फेरी लावतो.

खटपट्या:
फेरी झाली की पीएसटीची प्रत त्या डिस्कवरूनच आउटलुकमध्ये उघडून बघा. उघडली तर दुसरी डिस्क आणा.